रत्नपारखे सरांची उंच जीप

जीपला मोठे टायर बसवायचे हे रत्नपारखे सरांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी घरात कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर टायर बसले नसते, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

राजानंद रत्नपारखे जालन्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचे. माणूस सरळमार्गी. पान नाही, तंबाखू नाही, पत्त्यांचा अड्डा नाही. वेड एकच, एका ठेकेदाराकडून घेतलेली जुनी डिझेल जीप आणि मोबाईलवरचे जीपवाल्यांचे व्हिडिओ. कॉलेजातून घरी आलं की एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात मोबाईल. व्हिडिओत कुणी केरळातला, कुणी हिमाचलातला माणूस गाडी मुद्दाम चिखलात घालायचा, मुद्दाम बाहेर काढायचा, आणि मग टायरवर थाप मारून सांगायचा की भावांनो, हे टायर घेतले आणि माझं आयुष्य बदललं. सरांनाही आयुष्य बदलायचं होतं. त्यात नेमकं काय बदलायचं होतं ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं. पण पंचेचाळिशीतल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारूही नये.

टायर घरी आले तेव्हा दीपमाला, म्हणजे सरांची बायको, दारात उभी होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची, त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवून राह्यलाय हे तिला चेहऱ्यावरून कळायचं.

"अहो, हे ट्रॅक्टरचे टायर आपल्या दारात कशाला उतरवून राह्यलेत?"

"ट्रॅक्टरचे नाहीत. मड टेरेन आहेत. चिखलासाठी."

"आपण चिखलात कधी जातो?"

"धावड्याला जातो की, तुझ्या माहेरी. तिकडचा रस्ता पाह्यलाय ना तू?"

"पाह्यलाय. त्या रस्त्यानं माझे बाबा अजून सायकलीवर जातात," असं म्हणून दीपमाला आत गेली. हा विषय तिनं संपवला होता. सरांना वाटलं, परवानगी मिळाली.

टायर बसले. टायर मोठे म्हणून जीप उचलून घ्यावी लागली. उचलली म्हणून पुढचा बंपर बदलावा लागला. नवा दणकट बंपर आलाच आहे तर त्यावर विंच का नको, असं दुकानदार म्हणाला. विंच म्हणजे मोटरवर फिरणारा लोखंडी दोराचा रूळ. गाडी अडकली की दोर समोरच्या झाडाला बांधायचा, बटण दाबायचं, आणि गाडीनं स्वतःच स्वतःला ओढून काढायचं. हे स्वावलंबन सरांना फार भावलं. शेवटी बॉनेटच्या बाजूनं टपापर्यंत जाणारं एक काळं नळकांडंही आलं.

हे नळकांडं शेजारच्या भुजंगरावांनी पहिल्यांदा पाहिलं. भुजंगराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि गल्लीतल्या कुठल्याही कामावर देखरेख करणं हा आपला निवृत्तीनंतरचा हक्क समजत.

"सर, हे धुराडं कशाला?"

"धुराडं नाही. नदीतून गाडी नेली तर इंजिनाला वरून हवा मिळते."

भुजंगरावांनी कोरडी कुंडलिका नदी जिकडं होती तिकडं मान वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "कोणत्या नदीतून?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. खात्यात असताना पाणी शोधण्यातच त्यांची हयात गेली होती.

सर फडक्यानं बंपर पुसायला लागले. थोरांचा सुरुवातीला उपहास होतोच.

पण उपहास एकीकडचा नव्हता. त्या टायरांच्या खोल खाचांमुळे डांबरी रस्त्यावर जीप असा आवाज करायची की सर चौकातून वळले की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, गिरणी आली. एकदा तर समोरच्या घरातली नवी सून खरोखरच ज्वारीचा डबा घेऊन बाहेर आली. बिचारी नवीन होती. शिवाय जीप एवढी उंच झाली की दीपमालाला साडी नेसून चढता येईना. तिनं एक लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं. स्टुलावर पाय ठेवायचा, चढायचं, आणि मग सरांनी खाली उतरून, मागून येणाऱ्या रिक्षांचे हॉर्न खात, ते स्टूल उचलून आत ठेवायचं. हिमाचलातल्या माणसानं व्हिडिओत स्टुलाचा उल्लेख केला नव्हता.

जुने टायर अंगणात पडून होते. ते पाठीमागच्या झुंबरबाईंनी मागितले. झुंबरबाई जाफराबादकडच्या शेतकरी घरातल्या. मुलगा जालन्यात नोकरीला लागल्यापासून शहरात आल्या होत्या, पण हाताला मातीची सवय. रिकामी जागा दिसली की पेरायच्या. टायर नेऊन त्यांनी माती भरली. सरांना बरं वाटलं. जुनं आयुष्य योग्य हातांत गेलं होतं.

आणि याच झुंबरबाईंच्या बोअरमधला पंप जळाला.

पंप जमिनीच्या पोटात खूप खोल. तो वर काढायला माणसं येतात, पण त्यांचा फोन लागेना. झुंबरबाई सरांच्या दारात आल्या. "सर, तुमच्या गाडीला ते ओढायचं मशीन हाय म्हणे. आमची मोटर तेवढी काढून द्या. दोन दिस झाले, पाणी न्हाई घरात."

"अहो, ते मोहिमेचं साधन आहे," सर म्हणाले.

"मंग मोहीमच समजा," भुजंगराव कुंपणावरून म्हणाले. ते मोजे-बूट घालून तयारच होते.

भुजंगरावांनी हुकूम सोडला की विंचचा दोर आखूड पडंल. त्यापेक्षा पंपाचा पाईप गाडीच्या हुकाला बांधा आणि गाडी रिव्हर्समध्ये घ्या. सरांना पटलं. पाईप बांधला. गाडी हळूहळू मागं जायला लागली आणि बोअरमधून काळा, ओला पाईप निमूट बाहेर यायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाईप आला, अजून आला. गाडी भुजंगरावांच्या फाटकापुढून गेली, दवाखान्यापुढून गेली, गल्ली संपली तरी पंपाचा पत्ता नाही. तिकडून झुंबरबाई ओरडत होत्या, "येऊ द्या, येऊ द्या! अजून हाय!" भुजंगरावांनी मोठ्या रस्त्याकडं हात दाखवला. सरांनी जीप मागं-मागं घेत भर वाहत्या रस्त्यावर आडवी आणली.

तिथं वाहतूक पोलीस उभा होता.

"काय चालू हाय हे?"

"पंप काढून राह्यलोय," सर म्हणाले.

"रोडवर?"

"पंप घरी आहे. गाडी फक्त रोडवर आहे."

पोलिसानं पाईपकडं पाहिलं. तो पाईप गल्लीत शिरून वळणावर दिसेनासा होत होता. त्याचं दुसरं टोक कुठं असेल याचा त्यानं थोडा विचार केला आणि सोडून दिला. मग त्याची नजर टायरांवर गेली. टायर गाडीच्या अंगाबाहेर चांगले वीतभर आले होते. "कागद दाखवा," तो म्हणाला, आणि त्या शब्दांसरशी सरांची मोहीम सरकारी झाली.

कागदांत दुसरंच निघालं. जीपची पंधरा वर्षं भरत आली होती आणि तिची फेरनोंदणी करायची होती. त्यासाठी तपासणी. परिवहन खात्याच्या साहेबांनी जीपभोवती एक फेरी मारली.

"हे टायर चालणार न्हाईत. कंपनीनं दिल्ते तसले लावून आणा."

"पण साहेब, या टायरांनी गाडी जमिनीपासून उंच राहते, ग्राउंड क्लिअरन्स वाढतो—"

"तुमच्या गाडीचा वाढत असंल. आमचा क्लिअरन्स मिळायचा न्हाई," साहेब म्हणाले आणि पुढच्या रिक्षाकडं वळले.

सर घाईघाईनं झुंबरबाईंकडं गेले. जुन्या टायरांमध्ये मेथी तरारून आली होती. चारी टायरांमध्ये, गोल.

"आत्ता कसे नेता?" झुंबरबाईंनी कमरेवर हात ठेवला. "कवळी हाय अजून. जरा मोठी होऊ द्या."

"झुंबरबाई, सरकारी काम आहे."

"मंग सरकारला सांगा, मेथी हाय म्हणून. तेबी खातच असंल की."

ज्या बाईचा पंप आपण काढून दिला तिच्याशी वाद कसा घालायचा? शिवाय पंप निघाला तेव्हा तिनं सरांच्या पायावर पाणी घालून ओवाळलं होतं. सरांनी मुदतवाढीचा अर्ज केला. कारणाच्या जागी बराच विचार करून 'कौटुंबिक' असं लिहिलं. मेथी झाली, तिची जुडी सरांच्या घरी आली, टायर मोकळे झाले, जीप खाली बसली, तपासणी झाली. साहेबांनी मागच्या टायरच्या खाचेतून एक हिरवं पान काढलं, हुंगलं, आणि काही न बोलता सही केली.

"आता राहू द्या हेच," दीपमाला म्हणाली. "मला स्टुलाशिवाय चढता येऊन राह्यलं. पंधरा दिवसांनी संध्याचा साखरपुडा हाय, नीट जाऊ."

सरांनी ऐकून घेतलं आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मोठे टायर परत बसवून आणले. धावड्याला जीप जायची ती पूर्ण उंचीनंच. सासरवाडीला जावयानं लहान होऊन जाऊ नये, असं त्यांचं मत होतं.

संध्या ही दीपमालाची धाकटी बहीण. जालन्याला सरकारी दवाखान्यात परिचारिका. तिचं जमलं होतं आष्टीच्या भारतशी. भारत परतूर तालुक्यात कृषी सहायक होता. मुलगा शांत, कुणी ओरडलं तरी ओरडणाऱ्यालाच पाणी आणून देणारा. अडचण भारतची नव्हती. अडचण त्याच्या आईची होती. सत्यशीलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं म्हणणं, मुलीनं लग्नाआधी परतूरला बदली करून घ्यावी. संध्याचं म्हणणं, मी बदली मागणार न्हाई, माझा वॉर्ड मला सोडायचा न्हाई. दोन्हीकडच्या माणसांनी हा प्रश्न 'साखरपुड्यात बघू' म्हणून पुढं ढकलला होता. म्हणजे त्या दिवशी अंगठ्या घातल्या जाणार की परत डबीत जाणार, हे खरं तर कुणालाच माहीत नव्हतं. संध्याच्या आईला, गिरिजाबाईंना, आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

त्यात अवकाळी पाऊस झाला. धावड्याच्या मुख्य रस्त्यापासून सासऱ्यांच्या शेतातल्या मांडवापर्यंतचा रस्ता ठेकेदारानं नुकताच खोदून ठेवला होता. वरचा मुरूम काढून कडेला ढीग घातले होते आणि मधे नुसती काळी माती उघडी. तिच्यावर रात्रभर पाणी. सकाळी पाहुणे आले ते चपला हातात घेऊन, कडेकडेनं, मुरमाच्या ढिगांवर चढत-उतरत मांडवात पोचले. पण सत्यशीलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. काठी टेकत त्या मुख्य रस्त्यावर गाडीत बसून राहिल्या.

सासरे शिवाजीराव मांडवातून धापा टाकत सरांकडं आले. सर तेव्हा मुख्य रस्त्याला जीप लावून, टायरवर कोपर टेकून उभे होते.

"जावईबापू, आता तुमची गाडीच आपली इज्जत राखील. मॅडमला तेवढं मांडवापर्यंत आणा."

या वाक्यासाठी सर कितीतरी दिवस जगत होते. त्यांनी गॉगल लावला.

लाल स्टूल मांडलं. सत्यशीलाबाईंनी एकदा स्टुलाकडं, एकदा जीपकडं आणि एकदा सरांकडं बघितलं. मग काठी सरांच्या हातात दिली आणि दोन बायकांच्या आधारानं त्या वर चढून पुढच्या सीटवर बसल्या. विहिणीला एकटं कसं पाठवायचं म्हणून गिरिजाबाई मागं बसल्या. जीप चिखलात उतरली.

सुरुवात फार सुंदर झाली. चिखल दोन्ही बाजूंना उडत होता. मांडवातून माणसं बघत होती, कुणी मोबाईल काढला होता. सरांनी काच खाली केली. अर्ध्यावर आल्यावर टायरांच्या त्या खोल, महागड्या खाचांमध्ये काळी माती गच्च भरली. खाचा दिसेनाशा झाल्या. चारही टायर गुळगुळीत, गोल, वरवंट्यासारखे झाले आणि जागच्या जागी फिरायला लागले. सरांनी जोर दिला. जीप खाली बसली. अजून जोर दिला. अजून बसली. वर काढलेली सगळी उंची तिनं एका जागी परत केली.

शेवटी इंजिन बंद पडलं.

"सर, तुम्ही काय शिकवता?" सत्यशीलाबाईंनी समोर बघत विचारलं.

"भूगोल."

"मंग ही कोणती मृदा?"

"रेगूर. काळी मृदा," सर म्हणाले.

"गुणधर्म?"

"ओलावा धरून ठेवते," सरांच्या तोंडून आपोआप निघालं, "ओली झाली की फुगते, चिकट होते, आणि..."

"बराबर. मंग गाडी आत घातली कशाला?"

मागच्या सीटवर गिरिजाबाईंनी डोळे मिटून घेतले.

पण सर खचले नाहीत. विंच होता. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली, दोर हातात घेतला आणि चिखल तुडवत निघाले. समोर बांधायला एकच झाड होतं, त्या कडुलिंबाच्या आधारानंच मांडव उभा होता. "त्याला हात लावू नका!" शिवाजीराव तिकडूनच ओरडले. मग उरला जेवणाचा टेम्पो. आचाऱ्यांनी तो पाऊस यायच्या आधीच आणून मांडवाच्या अलीकडं, उताराच्या तोंडाशी उभा केला होता आणि सकाळी शिजवलेलं सगळं त्यातच ठेवलं होतं. भरलेला, जड. वरण, पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. सरांनी दोर टेम्पोच्या पुढच्या हुकात अडकवला, परत आले आणि बटण दाबलं.

विंचची मोटर गुरगुरली. दोर ताणला गेला. हालचाल झाली.

"आली, आली!" सर ओरडले.

सत्यशीलाबाईंनी चष्मा नीट केला. "सर, आपण तिकडं जाऊन राह्यलोय, का तो इकडं येऊन राह्यलाय?"

टेम्पो येत होता. त्याचा ब्रेक कुणी ओढला नव्हता. अगदी सावकाश, सोवळ्यातल्या माणसासारखा अंग सांभाळत तो उतार उतरला, चिखलात शिरला, आणि जीपच्या तोंडाला तोंड लावून थांबला. वरणाचं झाकण एकदा वाजलं. मांडवातले आचारी हातात झारे घेऊन काठावर उभे होते. जेवण त्यांना सोडून गेलं होतं.

रत्नपारखे सर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भूगोल सोडून दुसरा विषय घ्यायला हवा होता असं वाटलं. काठावर दीपमाला आली होती. तिनं चारही टायर किती बुडालेत ते एकेक करून बघितलं, आणि सरांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. शिवाजीराव ठेकेदाराच्या माणसांना फोन लावत होते. जेसीबी पलीकडच्या गावाला गेला होता, यायला वेळ लागणार होता. सत्यशीलाबाईंना उतरवावं म्हणून दोघांनी स्टूल चिखलात ठेवलं, ते गेलं. म्हणजे सरळ खाली गेलं, दिसेनासं झालं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी इथंच बसते."

गिरिजाबाई रडायच्या बेतात होत्या. "मॅडम, माफी असू द्या. आमची पोरगीबी हट्टी, आमचा जावईबी हट्टी."

"हट्टी तर मीबी हाय," बाई म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासनं रोज सकाळी कान घंटेकडं असतात हो माझे. शाळा भरायच्या वेळेला अजून उठून उभी राहते. घरात कोण ऐकतं? भारत कानात वायरी घालून बसतो. टीव्हीला सूचना देते मी."

सरांनी नजर वळवली. तेवढ्यात बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर मुरमाच्या ढिगांवर, बांधावर, काठावर सगळे पाहुणे येऊन उभे राहिले होते. दोन्हीकडची माणसं, लहान-मोठी, सगळ्यांची तोंडं वर, बाईंकडं. बाईंचा हात आपोआप दार उघडायला गेला. दार उघडून, सीटवर सरळ बसून त्यांनी आवाज टाकला.

"गर्दी करू नका! उंचीप्रमाणं उभे राहा! लहान पुढं!"

आणि नवल म्हणजे लहान पुढं आले.

त्यानंतर रत्नपारखे सरांची जीप त्यांची राहिली नाही. बाईंनी वरून काठीनं दाखवून मुरमावर ताडपत्री अंथरून घेतली. मांडवातलं टेबल, त्यावरच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मेणबत्त्या, फुलं, सगळं चार जणांनी कोरडं, सांभाळून आणून मुरमाच्या उंचवट्यावर मांडलं. बौद्धाचार्य आले. ओळी लागल्या. त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा बाईंनी जीपमध्येच हात जोडले, आणि सरांनी स्टिअरिंग सोडून. मग टेम्पोच्या मागच्या फळीवरून वाढप सुरू झालं. "ते हिरव्या शर्टवाले, तुमचं दुसऱ्यांदा चालू हाय. पहिल्यांदा मागच्या ओळीला वाढा!" हिरव्या शर्टवाला खाली बसला. तो स्वतः सरपंच होता.

"मॅडम, अंगठ्या आत्ता घालायच्या का जेवण झाल्यावर?" कुणी विचारलं. "मॅडम, फोटो इथून बराबर येतो का?" "मॅडम, लहान पोरांना बुंदी आधी देऊ?" प्रत्येकाला बाई उत्तर देत होत्या. त्यांच्या गालांवर रंग आला होता. गिरिजाबाई मागून त्यांना ताट धरत होत्या आणि दोन घास स्वतःही खात होत्या, आठवड्यातले पहिले.

मग संध्याला बोलावलं. ती जरीची साडी गुडघ्यापर्यंत खोचून, अनवाणी, चिखलातून टेम्पोला धरत जीपपाशी आली. भारत दुसऱ्या बाजूनं आला, त्याची पांढरी पँट मांड्यांपर्यंत काळी. दोघं जीपच्या दोन्ही दारांशी उभे राहिले. अंगठ्या बाईंच्या पर्समध्ये होत्या. पर्स बाईंच्या मांडीवर होती. पण बाईंनी पर्स उघडली नाही.

माणसांचे घास हातातच राहिले. आता बदलीचा प्रश्न येणार हे सगळ्यांना कळलं होतं. संध्यानं मान ताठ केली. दीपमालानं काठावर आईसारखेच डोळे मिटले.

नेमका तेव्हाच जेसीबी आला. धडधडत, धूर सोडत, सगळ्या शांततेवर. चालकानं साखळी टाकली, एकानं ती जीपच्या मागं अडकवली, आणि शिवाजीराव दोन्ही हात हलवून ओरडायला लागले, "ओढा! जल्दी ओढा!" प्रश्न टळत असेल तर त्यांना तो टळूनच हवा होता.

"थांबा!" बाईंनी काठी उंचावली. "ते मशीन बंद करा आधी. माझं भाषण व्हायचंय."

जेसीबी बंद झाला. चालक काचेतून डोकं बाहेर काढून ऐकायला लागला.

"मी या मुलीला म्हणाले होते, बदली करून घे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. आवाज शाळेच्या मैदानाला पुरेल असा होता. "ती न्हाई म्हणाली. मला राग आला. पण आज सकाळपासनं तुम्ही सगळे मला विचारून राह्यले. मॅडम, हे कसं करू, मॅडम, ते कुठं ठेवू. किती वर्षांनी विचारलं मला कोणी! काम सुटल्यावर माणसाचं काय होतं ते मला घरात बसून कळलंय. माझ्या सुनेचं काम मी सोडवणार न्हाई. तिनं बदली बिलकुल मागायची न्हाई."

संध्याची मान जशी ताठ होती तशीच राहिली, पण तिनं जीपच्या दाराला हात टेकला. गिरिजाबाईंनी ताट खाली ठेवून पदर तोंडाला लावला.

"बदली भारत मागंल," बाईंनी भाषण संपवलं.

भारतनं वर पाहिलं. हे त्याला आत्ताच कळत होतं. त्यानं आईकडं पाहिलं, संध्याकडं पाहिलं, चिखलातल्या आपल्या पायांकडं पाहिलं, आणि आपण कुठंच जाऊ शकत नाही हे लक्षात आल्यावर तो हसला. "मागतो," तो म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आचाऱ्यांनी झारे वाजवले. अंगठ्या घातल्या गेल्या, जीपच्या दोन दारांतून, बाईंच्या मांडीवरून हात पुढं करून.

त्यानंतर बाईंनी पर्स बंद केली, चष्मा पुसला, आणि शेजारी बसलेल्या चिखलाच्या पुतळ्याकडं पहिल्यांदाच जरा मवाळपणे पाहिलं.

"हं, सर. आता काढा तुमची गाडी."

रत्नपारखे सर सरळ बसले. इतका वेळ आपण केवळ मॅडमचा कार्यक्रम आटोपायचीच वाट बघत होतो, अशा थाटात त्यांनी हात बाहेर काढून जेसीबीवाल्याला खूण केली.